कच्च्या दगडाची विहीर

विहीर खणली त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाकरीलासुद्धा दगडाचा वास यायचा. दगडाला वास असतो हे आता शहरात कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण सुरुंगानं नुकताच फोडलेला दगड नाकाशी धरून पाहावा. विझलेल्या चुलीचा, थोडा जळलेल्या दारूचा आणि त्याच्या आतून ओल्या मातीचा, असा तिहेरी वास असतो तो. दादा, म्हणजे माझे वडील, आणि माय दोघंही दिवसभर मजुरांबरोबर विहिरीत राबायची. संध्याकाळी अंगणात हातपाय धुताना त्यांच्या पायांवरून राखाडी पाणी ओघळायचं आणि न्हाणीच्या कडेला त्याची बारीक रेघ वाळून राहायची. मग माय चुलीपुढं बसायची. येसराची आमटी उकळायला लागली की घरभर मसाल्याचा खमंग वास सुटायचा, पण भाकरी थापणाऱ्या मायच्या नखांत दगडाची भुकटी असायची आणि पहिल्या घासाला दाताखाली कचकन लागायचीच. माझा धाकटा भाऊ बबन, पाच वर्षांचा, तो घास थुंकून टाकायचा. मी गिळायचे. मी बारा वर्षांची होते आणि घरातली थोरली होते.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. शेत निम्मं काळं, निम्मं मुरमाड. दुपारी मी भाकरी घेऊन जायचे आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत काठावर पालथी पडून खाली बघत राहायचे. विहीर जसजशी खोल गेली तसतसे तिच्या भिंतीला रंगांचे पट्टे दिसायला लागले. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला मुरूम, मग हातभर उंचीचा विटेसारखा लाल पट्टा. त्या लाल पट्ट्याखाली दोन परस, म्हणजे हात वर करून एकावर एक उभ्या केलेल्या दोन माणसांएवढा, हिरवट काळा दगड लागला. त्यात जागोजागी पांढऱ्या गारा, म्हणजे काचेसारखे खडे, रुतलेल्या होत्या, उन्हाची तिरीप पडली की चमकायच्या. त्याच्याही खाली निव्वळ काळा पाषाण, आणि त्या पाषाणाच्या भेगेतून एके दिवशी पाणी आलं. पाणी बघून सगळे हसले. माय खाली गेली की मी मात्र काठ सोडत नसे. वरून तिच्या हिरव्या लुगड्याचा नुसता ठिपका दिसायचा आणि त्या ठिपक्याच्या चारी बाजूंनी एवढा मोठा दगड उभा असायचा.

काम लिंबाजी मिस्त्रीच्या हाताखाली चाललं होतं. वाळलेला, उंच माणूस. सुरुंगांच्या आवाजांनी त्याचा एक कान गेलेला होता, पण दगडाचा आवाज त्याला बरोबर कळायचा. गावातल्या बायकांच्या जात्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं टोचे मारून खडबडीत करून, देण्याचं कामही तोच करायचा. दगडावर हातोडी मारायचा, मान तिरकी करून चांगला कान पुढं करायचा आणि सांगायचा, हा वाजतो, हा पक्का. नाहीतर म्हणायचा, हा बद्द बोलतोय, आतून पोकळ आहे. विहीर पूर्ण झाली तेव्हा त्यानं दादांना सांगितलं होतं की वरची माती-मुरूम बांधून घेतली तसा खालचा हिरवट पट्टाही बांधून घ्या. दादा म्हणाले, एक हंगाम जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू. दगडाला कशाला बांधकाम, असंही ते म्हणाले. त्या पट्ट्याच्या बरोबर खाली, काळ्या पाषाणात ओटा कोरून दादांनी इंजिन बसवलं. म्हणजे इंजिन चालू करायला रोज सकाळी पायऱ्या उतरून त्या हिरवट भिंतीखाली जाऊन उभं राहावं लागे.

त्या हिरवट दगडाचा एक मोठा तुकडा मी घरी आणला होता. एका अंगाला त्याला गारांचा फुलोरा होता, म्हणून मला तो फार आवडला होता. माय म्हणाली, आणलास तर कामाला लाव. म्हणून रोज तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकल्या की त्यावर तो दगड ठेवायचा, हे माझं काम झालं. मला दोन्ही हातांनी उचलावा लागे, एवढा जड होता. दिवसभर तो अंगणात पडलेला असे. पावसाळा त्याच्या अंगावरून गेला, मधूनमधून उघडीप पडली की ऊनही गेलं. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. भादव्यात एका सकाळी उठून बघते तर डालगं कलंडलेलं, आणि सगळ्यात चांगली तलंग, तरुण कोंबडी, गेलेली. मुंगसानं नेली होती. माय मला बोलायला लागली की दगड नीट ठेवला नाहीस. मी नीटच ठेवला होता. मी दगड शोधला तर त्याचे चार तुकडे झाले होते. एक तुकडा उचलला, तर कांद्याचा पापुद्रा निघावा तशी त्याची साल माझ्या हातात आली. आणखी दाबलं, तर सालीचा चुरा झाला. हिरवट, ओलसर चुरा. गारांचे दाणे तेवढे तळहातावर शाबूत राहिले.

घरात आपसूक दगड फुटणं मायला चांगलं लक्षण वाटलं नाही. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. माझी भीती मात्र वेगळी होती. मी तशीच शेतात पळत गेले. विहिरीतून काढलेल्या दगडांचा ढीग बांधावर पडलेला होता. त्यातले काळे दगड जसेच्या तसे होते, धारदार. हिरवट दगड मात्र एकूण एक खिळखिळे झाले होते. काहींवर पाय ठेवला की जोंधळ्याच्या लाहीसारखे बसत होते. मग मी काठावर जाऊन खाली बघितलं. भिंतीतला तोच पट्टा, दोन परस उंच, गोल फिरलेला. आणि त्याच्याखाली इंजिनाच्या ओट्यावर दादा वाकून काहीतरी करत होते. त्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. मला हाक मारायची होती, पण माझ्या हाकेनंसुद्धा काहीतरी निसटेल असं वाटून मी तोंडावर हात दाबून धरला.

पुढं मी शिक्षिका झाले, तीस वर्षं भूगोल शिकवला. एका प्रशिक्षणात कॉलेजचे एक प्राध्यापक भेटले, त्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. आपला सगळा मुलूख तापलेल्या लाव्ह्याच्या पुरांनी बनलेला, एक पूर थिजला की त्यावर दुसरा. दोन पुरांच्या मधल्या काळात जी माती तयार झाली ती वरच्या पुराखाली भाजून लाल झाली, तो लाल पट्टा. त्याच्याखाली आधीच्या पुराचा माथा. त्यात वाफेचे बुडबुडे राहिलेले, ते पुढं पाण्यानं आणलेल्या गारांनी भरले. आणि त्याच दगडात एक हिरवं, मातीसारखं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, उन्हात आकसतं. जमिनीच्या पोटात असतो तोवर तो दगड लाखो वर्षं तसाच राहतो. हवा आणि पाणी लागलं की एकदोन वर्षांत त्याची माती व्हायला लागते. त्यांनी हे फळ्यावर आकृती काढून शांतपणे समजावून दिलं.

दगड फुटला त्या रात्री जेवताना मी दादांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "चारठाण्याचं देऊळ बघितलंस ना? शेकडो वर्सं उन्हापावसात उभं हाय. दगुड कुठं इरघळत असतो का, कुशे?" माझं नाव कुशावर्ता. देऊळ खरंच उभं होतं. दोनतीन दिवसांनी लिंबाजी मिस्त्री शेजारच्या घरी जात्याला टाकी लावायला आला, तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि तेच विचारलं. तो छिन्नी चालवता चालवता म्हणाला की जुने कारागीर खाणीतून दगड काढल्यावर तो लगेच लावत नसत. दोन पावसाळे उघड्यावर टाकून ठेवत. फुटेल तो टाकून देत, टिकेल तो देवळाला. हे त्याला त्याच्या आजानं सांगितलेलं. मी म्हणाले, मग आमच्या विहिरीला अजून एकच पावसाळा झाला. त्यानं छिन्नी थांबवली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. मी जास्तच घाबरले.

तो हिवाळा मी कानांनी काढला. सकाळी दादा शेताकडं गेले की मी हातातलं काम सोडून उंबऱ्यात उभी राहायचे. घटकाभरानं इंजिनाचा डुगडुग आवाज शिवारातून यायला लागायचा. तो आला म्हणजे दादा खाली उतरले आणि अजून बरे आहेत. मग पायऱ्या चढून वर येण्याएवढा वेळ मी मनात अंक मोजायचे. दुपारी इंजिन बंद करायला ते परत उतरायचे, तेव्हा मी शाळेत असायचे. तिथं आवाज पोचत नसे, म्हणून शाळेत भीती जास्त वाटायची. गुरुजी काय शिकवत ते डोक्यात शिरत नसे. मायला वाटलं मला काहीतरी बाधलं. तिनं माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला. आजही आमच्या परभणीच्या गल्लीत कुणाकडं बोअरचं मशीन लागलं आणि ते मध्येच बंद पडलं, की मी हातातलं काम सोडून उंबऱ्यात जाऊन उभी राहते. सून म्हणते, आई, मशीन बंद झालं तर बरंच झालं की.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि गाळ काढायचा ठरला. दादा, माय, लिंबाजी मिस्त्री आणि दोन मजूर खाली उतरले. बबनला शेजारच्या काकूंकडं ठेवलं होतं. वर ओझं उचलायची यारी लावलेली होती, टोपलं वर आलं की ते ओढून रिकामं करायला मी आणि एक म्हातारा गडी काठावर होतो. पहिलंच टोपलं रिकामं केलं. गाळ काळा नव्हता. हिरवट होता, त्यात गारांचे दाणे होते. वर्षभर भिंत खाली झरत होती. मी काठावर आडवी झाले. खाली मिस्त्रीनं त्या पट्ट्यावर हातोडी मारलेली मला दिसली. बद्द असा आवाज आला, गोणीवर काठी मारावी तसा. त्यानं आणखी दोन ठिकाणी मारून बघितलं. मग तो दादांना काहीतरी म्हणाला, दादांनी वर एकदा बघितलं आणि हातानं खूण केली, दोन दिवसांचं तर काम आहे. तेवढ्यात भिंतीवरून मूठभर कच सुटली आणि तळातल्या पाण्यात पडली. बारीक आवाज झाला. मायच्या मागंच पडली होती. ती वाकून टोपलं भरत होती, तिनं वळूनही पाहिलं नाही. पुन्हा थोडी कच पडली.

मी ओरडले, "माय, बबनला साप चावला."

हे वाक्य कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. ठरवलेलं नव्हतं. माय वर आली ती कशी आली ते मी बघितलं. पायऱ्या सोडून मिळेल तिथं हात घालत, गुडघे खरचटत, लुगडं फाटलेलं. काठावर आल्यावर तिनं मला काही विचारलंच नाही, तशीच गावाकडं पळाली. तिच्यामागं दादा, त्यांच्यामागं मजूर. मिस्त्री सगळ्यांत शेवटी, सावकाश वर आला. माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं असावं. लिंबाच्या सावलीत जाऊन त्यानं बिडी पेटवली. मी काठावर बसून राहिले. एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, इथं लिहिते. विहीर आत्ता पडावी, ते सगळे परत यायच्या आत पडावी, असं मी मनात म्हणत होते. आमच्या घरानं उन्हाळाभर राबून खणलेली विहीर होती ती. पण ती पडली नाही. कचसुद्धा पडायची थांबली.

बबन काकूंच्या ओसरीवर चिंचोके खेळत होता. दादा परत आले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मारली. आधी कधीच त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता. मी कच पडल्याचं सांगायला लागले तर ते म्हणाले, "अजून एक शबूद बोललीस तर घरात घ्यायचो न्हाई." मायनं मारलं नाही. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट पुढं सरकवायची आणि तोंड फिरवायची. तिच्या गुडघ्यांवर हळद लावलेली असायची, ती मला दिसायची. त्याच दुपारी ते सगळे पुन्हा खाली उतरले, तीन दिवस गाळ काढला, आणि काहीही झालं नाही. शाळेत पोरी मला बघितलं की सापासारखा फूत्कार करायच्या. मी घाबरट आणि खोटारडी, दोन्ही ठरले. आणि मलाही हळूहळू वाटायला लागलं की चूक माझीच असेल, एक दगड फुटला म्हणून सगळी भिंत थोडीच फुटते. पण भीती काही त्यानं कमी झाली नाही. फक्त ती आता बोलायची सोय राहिली नाही.

दुसरा पावसाळा जोरात लागला आणि मग पावसानं एकदम ओढ दिली. मिरचीची रोपं माना टाकायला लागली. दादा रोज सकाळी विहिरीवर जात, पण इंजिनाचा आवाज काही येत नसे. पाणी ओढायच्या पाइपाचा फूटवाल बिघडलाय, जिंतूरहून सामान यायचंय, असं ते सांगत. आठ दिवस झाले. मायचा जीव मिरचीवर. तुमी जात न्हाईत तर म्या जाते जिंतूरला, असं ती एकदा चिडून म्हणाली. दादा जेवण अर्धं टाकून उठले. माझा मात्र त्या आठ दिवसांत उलटाच घोटाळा झाला होता. आवाज आला नाही की मला धस्स व्हायचं, आणि मग आठवायचं की इंजिन बंदच आहे.

नवव्या दिवशी सकाळी दादा शेताकडं गेले होते, माय शेजारच्या शेतात खुरपायला. मी ओसरीवर बबनची वेणी घालत होते. त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. आधी आभाळात गरजल्यासारखं वाटलं. पण आवाज पायाखालून आला. ओसरीच्या फरशीतून माझ्या टाचांना तो कळला. लांबट, जड, संपता संपता पुन्हा सुरू होणारा. मग सगळं गप्प झालं, चिमण्यासुद्धा. बबनला तसाच सोडून मी पळाले. वाटेत ढेकळं होती, मी दोनदा पडले. मला रडू येत नव्हतं. डोक्यात फक्त अंक चालू होते, पायऱ्या चढून वर यायला लागतात तेवढे, आणि ते संपले की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

विहिरीचं निम्मं तोंड राहिलं नव्हतं. इंजिनाच्या बाजूची सगळी भिंत, बांधकामासकट, आत बसली होती. वरची काळी माती अजून ढेकळा-ढेकळानं घसरत होती आणि खाली गढूळ पाणी डुचमळत होतं. उरलेल्या काठावर, जिथून पायऱ्या सुरू व्हायच्या तिथं, दादांच्या चपला होत्या. खाली उतरताना ते चपला काढून ठेवत. दोन्ही शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. मी तिथंच उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. फार गेला नसावा. मग मागून कुणीतरी खोकलं.

दादा धुऱ्यावरच्या लिंबाखाली जमिनीवर बसले होते. पाय पसरलेले, दोन्ही हात मांडीवर. तोंड पांढरं पडलं होतं. माझ्याकडं बघत होते पण मला ओळखत आहेत असं वाटेना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, खांद्याला हात लावला, खांदा गरम होता. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून माय येताना दिसली. तिनंही आवाज ऐकला होता. तिला आधी आम्ही दिसलो नाही, चपला दिसल्या. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. ती सरळ काठाकडं पळाली. मी ओरडले, "माय, दादा हितं हाईत." तिनं ऐकलं. मला दिसलं की ऐकलं, क्षणभर तिची मान माझ्याकडं वळली. आणि ती तशीच काठाकडं गेली. तिचा माझ्या शब्दावर विश्वास बसला नव्हता.

मी पुन्हा ओरडले, काय ते आठवत नाही. दादा कसे उठले तेही आठवत नाही. मघाशी ज्या माणसाला हात उचलता येत नव्हता तो अनवाणी काट्याकुट्यातून धावला आणि काठापासून चार हातांवर त्यानं मायला कमरेला धरून मागं ओढलं. दोघं उताणी पडली. ती त्यांना ढकलत होती, सोडा म्हणत होती, कुणी धरलंय ते तिला कळायला वेळ लागला. मग तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. तेवढ्यात पायऱ्यांचा तो काठ आवाज न करता आत गेला. चपलाही गेल्या.

आम्ही तिघं लिंबाखाली येऊन बसलो. गावातली माणसं लांबून पळत येताना दिसत होती. ती पोचायच्या आत दादा बोलले. मायकडं न बघता, माझ्याकडंही न बघता, समोरच्या ढेकळांकडं बघत. म्हणाले, "फूटवाल चांगला होता. मलाच भेव वाटायलं होतं. आठ दिस झाले, चपला काढून बसतो, दोन पायऱ्या उतरतो, अन् वर येतो. पोरीला मारलं त्या दिशीबी भेवच वाटलं होतं."

दादांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता आणि रक्त येत होतं; त्यांना ते कळलंही नव्हतं. मायनं पदरानं तोंड पुसलं, त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला. मग मला म्हणाली, "कुशे, हिकडं सरक, तुझी नजर चांगली हाय. कुठं मोडलाय बघ." मी वाकून बघितलं आणि जागा दाखवली.